चेहरा पुसला, हात राहिला

संस्थेच्या सरांना इंग्रजी लिहिणारं माणूस हवं होतं. गेवराईत इंग्रजी झाडणारे पुष्कळ आहेत, लिहिणारे कमी. पप्पा जिल्हा परिषदेच्या शाळेवर शिक्षक, मी पहिलीपासून इंग्रजी माध्यमात. चौकात कोणीतरी सरांना सांगितलं, विहाराच्या मागं गुरुजींचं घर आहे, त्यांच्या पोरीला विचारा, पेपरात पण लिहिते ती.

पेपरात लिहिते हे निम्मं खरं होतं. पत्रकारितेचा कोर्स करून मी घरी परतले होते आणि बीडहून निघणाऱ्या एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या पाठवत होते. उद्घाटनं, सत्कार, वाळूच्या पकडलेल्या गाड्या. कार्यक्रमात मी मागच्या खुर्चीवर बसायची. प्रश्न विचारायची वेळ आली की वहीत डोकं घालायची, मग घरी येऊन फोनवर मेसेज करून विचारायची. संपादक माझी बातमी दुरुस्त करताना हसायचे. "कॉन्व्हेंट, तुझं वाचलं की वाटतं गेवराई लंडनच्या शेजारी आहे."

शाळेत इंग्रजीच्या पुस्तकात आम्हाला एक धडा होता. फार पूर्वी परदेशातली एक बातमीदार बाई वेड लागल्याचं सोंग करून वेड्यांच्या दवाखान्यात शिरली आणि आतलं सगळं तिने छापलं. त्या धड्याखालचे प्रश्न मला पाठ होते, पैकीच्या पैकी मार्क पडले होते. हे इथे सांगते कारण पुढे मी जे केलं ते कोणी त्या धड्याशी जोडू नये. मला सोंग घ्यावं लागलं नाही. मला बोलावून नेलं, खुर्ची दिली आणि चहा पाजला.

संस्थेचं मनोरुग्णांचं केंद्र महामार्गापासून थोडं आत आहे. पुढे गुलाबाची बाग, मग सरांची केबिन. केबिनमध्ये भिंतभर सन्मानचिन्हं. परदेशातल्या एका देणगीदार संस्थेला वर्षाचा अहवाल पाठवायचा होता. सर मराठीत सांगायचे, मी लॅपटॉपवर इंग्रजी करायची. जेवण, औषधोपचार, करमणूक अशी एकेका मथळ्याखाली चार-चार वाक्यं. 'कपडे' या मथळ्यापाशी मी थांबले.

"सर, कपड्यांचं काय लिहू?"

"बायका येताना ज्या साड्या नेसून येतात ना मॅडम, त्या आपण फेकत नाही. जपून ठेवतो. वापरात आणतो. लिहा, जरा चांगलं लिहा."

मी लिहिलं की इथे राहणाऱ्या स्त्रियांच्या स्वतःच्या साड्या जपून ठेवल्या जातात आणि त्यांचा काळजीने उपयोग केला जातो. सरांनी ते दोनदा वाचायला लावलं. "बघा, इंग्रजीत किती भारदस्त वाटतं," म्हणाले. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, खूप बरं वाटलं.

तिसऱ्या दिवशी अहवालासाठी फोटो हवे होते. सर कोणाच्या तरी लग्नाला गेले होते. त्यांनी फोनवर मला बागेचे आणि स्वयंपाकघराचे फोटो घ्यायला सांगितलं. तिथे कामाला असलेल्या बाईला सगळे मावशी म्हणायचे. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. तिने अहवालाचे फोटो म्हणजे सगळ्याचे फोटो असं धरलं आणि मागचा बायकांचा हॉल उघडला.

पत्र्याचा लांब हॉल. आधी वास आला, मग दिसायला लागलं. सगळ्यांचे केस कातरलेले, सगळ्यांच्या अंगात एकाच कापडाचे गाऊन. एका कोपऱ्यात बादली, तिच्यावर झाकण नाही. आणि बहुतेकींचा एक पाय खाटेला बांधलेला. हिरव्या, जांभळ्या, लाल काठाच्या पट्ट्यांनी. मला वाटलं, काही बँडेज वगैरे आहे.

"हे काय आहे, मावशी?"

"पळत्यात मग. साखळी न्हाई चालत आता, कायदा आलाय. कापड चालतंय. मऊ आसतंय ते."

"कापड कुठलं?"

"त्येंचंच की. नेसून आलेलं. दुसऱ्याचं कावून फाडावं?"

माझं वाक्य मला तिथे आठवलं. शब्द न शब्द.

दाराजवळच्या खाटेवर एक म्हातारी रिकामी लाल वायरची पिशवी पोटाशी धरून बसली होती. तिच्या पलीकडे माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठी असेल अशी एक बाई. ती माझ्याकडे सरळ बघत होती. उजव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत गोंदण: ठिपक्यांची वेल आणि वेलीच्या मधोमध एक विंचू, उलटा. नांगी मनगटाकडे, तोंड कोपराकडे.

"तू सरकारची हायेस का?" तिने विचारलं.

"नाही."

"मग कावून आलीस?"

मी मावशीकडे बघितलं. मावशी म्हणाली, "फोटूवाल्या हायेत त्या. गप ऱ्हा."

"काढ फोटू," ती मला म्हणाली. "मी येडी न्हाई. मला कोयत्यातून काढलंय."

आमच्या जिल्ह्यात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगते. ऊसतोडीला जाताना नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. एकट्या माणसाचा अर्धा कोयता. मुकादम पुरे कोयते बघून टोळी बांधतो. हिचं बाळ पोटातच गेलं होतं. त्यानंतर तिला ताप यायचा, मोळी डोक्यावर घेतली की डोळ्यांपुढे अंधारी यायची. नवऱ्याने हंगामाच्या तोंडावर दुसरी बाई आणून कोयता पुरा केला आणि हिला इथे आणून सोडलं. वेड ठरवायला काय लागतं ते मी त्याच दुपारी रजिस्टरमध्ये पाहिलं. नवऱ्याची सही, आणि आजाराच्या रकान्यात तीन शब्द: कामाला नकार, चिडते.

चिडते! मी चार ओळी वाचून चिडले होते, आणि तिचं चिडणं आजारात लिहिलं होतं.

"माझ्या भावाला सांग," ती म्हणाली. "तलवाड्याकडं मेंढरं आसत्यात त्याची. ह्यांनी त्याला सांगितलंय मी कुणासंगं पळून गेली. त्याला एवढंच सांग, मी पळाले न्हाई."

मी हो म्हटलं. फोटो काढले. मग केबिनमध्ये परत जाऊन बसले आणि अहवाल पुरा केला. दोन तास. मध्ये चहा आला तेव्हा साखर कमी घाला असंही सांगितलं. त्या दुपारी मी लॅपटॉप आपटायला हवा होता. मी स्पेलिंग तपासत होते.

घरी सांगितलं तर पप्पांनी आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाले, "छापून काय होणार? आपल्याला इथंच राहायचंय."

"त्या बायांना पण इथंच राहायचंय," मम्मी आतून म्हणाली. "बांधून."

पप्पा तिच्यावर खेकसले. पण त्यानंतर मला अडवलं नाही.

तलवाड्याला जाणारी एसटी आमच्या घरापासून दहा मिनिटांवर थांबते. सकाळी जाऊन दुपारी परत येता येतं. मी गेले नाही. अनोळखी मेंढपाळाला शोधायचं, चारचौघांत उभं राहून त्याच्या बहिणीचं सांगायचं, तो काय म्हणेल, मला नीट बोलता येईल का. या भीतीचं मी तेव्हा एक चांगलं नाव शोधलं होतं: आधी बातमी, मग बाकीचं. बातमी लिहायला घराबाहेर पडावं लागत नाही.

संपादकांनी फोटो पाहिले आणि पहिल्यांदाच मला कॉन्व्हेंट म्हटलं नाही. "जबरदस्त आहे. पण संस्थेचं नाव काढावं लागेल."

"का, सर?"

"का म्हणजे? दर वाढदिवसाला, दर पुरवणीला त्यांची पानभर जाहिरात असते. 'एका संस्थेत' असं करू. ज्याला कळायचं त्याला कळतं."

"बरं, सर."

बरं, सर. मी अजूनही कधी कधी भांडी घासताना हे दोन शब्द मोठ्याने म्हणते आणि मम्मी विचारते, कोणाशी बोलतेस.

फोटो मीच निवडला आणि मीच तयार केला. कोर्सला शिकवलं होतं की पीडितेची ओळख उघड करायची नाही, चेहरा अस्पष्ट करायचा. मी तो इतका मन लावून पुसला की नाक कुठे, डोळे कुठे कळत नव्हतं. खाटेच्या पट्टीवर तिचा उजवा हात होता. तो तसाच राहिला. उजेड चांगला होता, विंचवाचा ठिपका न् ठिपका दिसत होता.

माझ्या वर्गातल्या कोणाच्या आईच्या हातावर गोंदण नव्हतं. असतं तरी मी कधी बघितलं नसतं. इथे बाजारात बायका डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढून बसतात आणि एकमेकींना हातावरून ओळखतात, हे मला माहीत नव्हतं. याच गावात वाढून माहीत नव्हतं.

बातमी नऊ दिवसांनी सकाळी आली. दुपारपर्यंत फोटो सगळ्या ग्रुपवर फिरत होता. संस्थेचं नाव छापलं नव्हतं. तिचं मात्र सगळ्यांना कळलं. दुसऱ्या दिवशी तिचा नवरा माजलगावकडच्या उसाच्या फडावरून गाडी घेऊन आला, 'रुग्णास बरे वाटल्याने घरी नेत आहे' या ओळीखाली सही केली आणि तिला घेऊन गेला. मला हे मावशीने फोन करून सांगितलं. "तुमच्यापायी माझी नोकरी जाईल," असं आधी सांगितलं. मग म्हणाली, "लई हानत नेलं ओ पोरीला. गाडीत घालूस्तोर हानत होता."

चौथ्या दिवशी चौकशीला सरकारी समिती आली. मीही गेले, पत्रकार म्हणून, मागे उभी राहिले. हॉलला नवा रंग होता. खाटांवर फुलाफुलांच्या चादरी. बायकांना नव्या साड्या नेसवल्या होत्या आणि कातरलेली डोकी झाकायला सगळ्यांचे पदर डोक्यावर. एकीचाही पाय बांधलेला नव्हता. म्हाताऱ्या बाईची लाल पिशवी कुठेतरी टाकून दिली असावी, ती नुसतेच हात पोटाशी धरून बसली होती.

समितीतल्या साहेबांनी कागद मागितले. सरांनी अहवाल पुढे केला. साहेब चाळता चाळता थांबले आणि इंग्रजीतच मोठ्याने वाचायला लागले. जेवणाचा मथळा. मग कपड्यांचा. "वा. हे कोणी लिहिलं? छान लिहिलंय."

सरांनी हसून माझ्याकडे बोट केलं. "आमच्या मॅडमनीच. त्यांनी आठवडाभर इथं बसून सगळं बघून लिहिलंय. विचारा त्यांना."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. मला तेव्हा बोलायला हवं होतं. मी वहीत तारीख लिहिली. साहेबांनी मान डोलावली आणि पुढचं पान उलटलं.

सहाव्या दिवशी सकाळी आमच्या दारात एक माणूस उभा होता. खांद्यावर घोंगडी, हातात मोबाइल, मोबाइलवर मी काढलेला फोटो.

"पेपरवाल्या ताई हितंच ऱ्हात्यात का?"

पप्पांनी त्याला आत बोलावलं. तो उंबऱ्याच्या आत आला, पण बसला नाही. मम्मीने पाणी दिलं ते एका दमात प्याला.

"ही माझी बहीण हाय," तो म्हणाला. "ह्यो इंचू बघा. गोंदणारीन आलती तवा हिचा हात म्याच धरलता. सुई टोचली आन ही हालली. गोंदणारीन म्हनली, आता ह्यो उलटाच ऱ्हाणार. मला माय लई बोलली. दुसऱ्या कुणाच्या हातावर न्हाई असा इंचू." मग त्याने माझ्याकडे पाहिलं. "कुठं हाय ती? मला सांगितलंतं पळाली म्हून. मी तिचं नाव टाकलतं."

"ती पळाली नाही," मी म्हणाले. "तिने मला तुम्हाला हेच सांगायला सांगितलं होतं."

"कवा?"

मी खरं सांगितलं. पंधरा दिवस झाले.

त्याने मोबाइलवरचा फोटो बंद केला. ओरडला असता तर सोपं गेलं असतं. पप्पांनी खुंटीवरचा पांढरा शर्ट घातला आणि म्हणाले, "चला."

आधी ठाण्यात गेलो. तिथले साहेब म्हणाले, "नवरा बायकोला घेऊन गेला. यात गुन्हा कोणता लिहू?" भाऊ म्हणाला, "साहेब, बांधून ठिवलतं तिला." साहेब म्हणाले, "समितीला तसं काही दिसलं नाही. संस्थेचा अहवाल पण चांगला आहे."

"तो अहवाल खोटा आहे," मी म्हणाले.

"तुम्हाला काय माहीत?"

"मी लिहिलाय." माझा आवाज चिरका निघाला. बाकावर बसलेले दोघे हसले. मी पुन्हा म्हणाले, "मी लिहिलाय. सर सांगतील ते लिहिलं. हॉल नंतर बघितला. बघूनही बदललं नाही. हे माझ्या नावाने लिहून घ्या."

घेतलं नाही लवकर. आम्ही दुपारपर्यंत बसलो. पप्पांनी शेवटी कागद मागून घेतला आणि त्यांच्या फळ्यावरच्या अक्षरात माझा जबाब लिहिला, मी सही केली, आणि पोच मिळेपर्यंत पप्पा काउंटरवरून हलले नाहीत. शाळेतली पोरं त्यांना का घाबरतात ते मला त्या दिवशी समजलं.

दुसऱ्या दिवशी फडावर गेलो. उसाच्या पाचटाच्या झोपड्या, त्यांना कोप्या म्हणतात, मध्ये बैलगाड्या. ती एका कोपीबाहेर बसून वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या हिरव्या शेंड्यांच्या, पेंढ्या बांधत होती. तोडणाऱ्या बायका अंगात घालतात तसा पुरुषी शर्ट, बाह्या मनगटापर्यंत, बटणं लावलेली. भावाने तिच्यासमोर बसून तिची उजवी बाही वर केली. विंचू दिसत नव्हता. मनगटापासून वर सगळा हात काळानिळा सुजलेला होता.

"पेपरात दावतीस व्हय हात, म्हनला," ती म्हणाली. "त्याच हातावर घातलं मग."

भाऊ उठला तसा नवरा कोपीतून बाहेर आला. त्याच्या मागे ती दुसरी बाई, कोयता हातात, आमच्याकडे न बघता. मला वाटलं आता मारामारी होणार. नवरा म्हणाला, "न्यायची का? न्या की. मी कावून आडवू? मला कोयता पुरा हाय."

एवढंच. बाळ गेलेली, बांधलेली, भादरलेली, मारलेली बाई त्याने एका वाक्यात देऊन टाकली, जुनं अवजार द्यावं तशी. आणि मुकादम मागून म्हणाला, "मिटलं ना? मग कामाला लागा बे."

भावाने पायातली वहाण काढली होती. तिने डाव्या हाताने त्याचं धोतर धरलं. "चल," म्हणाली. "मेंढरं कुणावर सोडून आलास?"

तिचा हात मोडलेला निघाला. दवाखान्यात प्लास्टरसाठी थांबलो होतो तेव्हा मी तिच्याजवळ बसले. माफी मागायची होती. कशी मागायची ते रात्रभर ठरवलं होतं.

"माझ्या फोटोमुळे..." मी सुरुवात केली.

"फोटोमुळंच आला ह्यो," ती भावाकडे मान करून म्हणाली. "आन त्यो बी फोटोमुळंच आलता. माझं तोंड पुसायच्या आदी तलवाड्याला आली आसतीस तर झालं आसतं." तिने रागाने म्हटलं नाही. त्यासाठी मला अजून स्वतःला माफ करता येत नाही. मग तिने विचारलं, "म्हातारी हाय का? लाल पिशवीवाली?"

"आहे. पिशवी नाही."

"काढली व्हय पिशवी." ती पहिल्यांदा चिडली. "लेकीनं दिलती ती तिला. लेक सातवीला आसताना विणलेली. तेवढ्यावर जगतीय ती म्हातारी. आन खिडकीजवळची? तिला फिट येती, तवा तोंडावर पाणी मारत्यात, औषध न्हाई देत. बाळंतीण हाय एक, दूध यायचं तिला, ती भिंतीला पिळायची. लिवलंस का हे?"

"नाही."

"मग काय लिवलंस?"

मी बॅगेतून लॅपटॉप काढला. जुना अहवाल उघडला. देणगीदार संस्थेचा पत्ता मीच टाइप केलेला होता, वरच्या कोपऱ्यात. मथळे तसेच ठेवले आणि खालचं सगळं खोडलं. बातमी पेपरात लहान करता येते, नाव काढता येतं. या कागदावर संस्थेचं नाव पहिल्याच ओळीत होतं, आणि आता खाली माझं येणार होतं.

ती सांगत होती, मी इंग्रजी करत होते. नर्सने दोनदा हाक मारली, ती म्हणाली, "थांबा ओ बाई, सांगायलेय मी." मध्येच माझ्या पडद्याकडे बघून विचारायची, "आलं का त्यात?" मी मराठीत परत वाचून दाखवायची. दोन ठिकाणी तिने बदल करायला लावले. मी 'कधीकधी' लिहिलं होतं, ती म्हणाली, रोज लिव्ह.

'कपडे' या मथळ्यापाशी मी थांबले.

"इथे काय लिहू?"

"माझी साडी हिरवी हुती," ती म्हणाली. "लग्नातली. सहा पट्ट्या केल्या तिच्या. एक माझ्या पायाला, पाच बाकीच्यांच्या. अजून त्यांच्याच पायाला आसतील. ते लिव्ह."